मानपत्रातली अकरावी ओळ

मानपत्र कुणी वाचत नाही. पंचवीसहून जास्त वर्षं मानपत्रं लिहिण्यात घालवल्यावर हे मी खात्रीनं सांगते. ते ऐकलं जातं, तेही एकदाच आणि अर्ध्या कानानं. सूत्रसंचालक ते वाचत असतात तेव्हा मंचावरचे पाहुणे खिशातून आपल्या भाषणाची चिठ्ठी शोधत असतात, मागच्या रांगेत अल्पोपाहाराचा अंदाज घेणं चालू असतं, आणि सत्कारमूर्ती जमिनीकडे बघत असतात, कारण स्वतःची स्तुती चालू असताना नेमकं कुठे बघायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. मग शाल, श्रीफळ, फोटो. मानपत्र गाडीच्या मागच्या सीटवर जातं, तिथून दिवाणखान्याच्या भिंतीवर, आणि भिंतीवर गेलेली वस्तू घरातल्यांना दिसेनाशी होते. त्यामुळे आमच्या धंद्यात चूक सापडत नाही. ती काचेमागे सुखानं राहते.

माझी एक चूक अशी वीसेक वर्षं राहिली. चूक म्हणणं ही मी स्वतःला दिलेली सवलत आहे. ते मी समजून उमजून केलं होतं. संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. गमती लिहिते, पण त्याबरोबर हेही सांगून टाकते. आता हरकत नाही, कारण ते संपलं. माझ्या नवऱ्यालाही ते हा अंक हातात पडल्यावरच कळेल. आमच्या घरात मी कमी बोलणारी म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातलं निम्मं न बोलणं या एका ओळीचं होतं.

एम.ए. मराठी झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच. नव्वदीची मधली वर्षं. माझ्याबरोबरच्या मुली कॉम्प्युटरचे कोर्स लावत होत्या आणि मी नारायण पेठेत विसूभाऊंच्या दुकानात चिकटले. विसूभाऊ अक्षर काढायचे. हस्तिदंती रंगाचा जाड कागद, बोरू, काळी शाई, आणि नावापुरती लाल. मजकूर आधी गिऱ्हाईकच घेऊन यायचं. तो इतका भयंकर असायचा की विसूभाऊंचा हात कागदावर उतरायला तयार व्हायचा नाही. म्हणून मजकुरासाठी मला ठेवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धंदा समजावून सांगितला.

मानपत्र अठरा ओळींचं. पहिल्या तीन नमनाच्या. चौथीपासून दहावीपर्यंत कर्तृत्व: संस्था, इमारती, पदं, पुरस्कार. दहावी ओळ येईपर्यंत सभा खुर्चीत सरकायला लागते. म्हणून अकराव्या ओळीत एक प्रसंग घालायचा, छोटा, डोळ्यांसमोर उभा राहील असा. उरलेल्या ओळी शुभेच्छांच्या.

"आणि एक लक्षात ठेवा," विसूभाऊ म्हणाले. "मानपत्रात नाव एकच. दुसरं नाव आलं की सभा मागे वळून त्या माणसाला शोधते. मग आपला माणूस शाल पांघरूनही उघडा पडतो."

"पण सगळं त्यानं एकट्यानं थोडंच केलेलं असतं?"

"केलेलं नसतंच. म्हणून तर मानपत्र लागतं."

त्या वर्षांत पुण्यात सत्कारांना तोटा नव्हता. बाहेरच्या कंपन्या येत होत्या, कॉलेजं निघत होती, आणि जो तो कशाचा ना कशाचा संस्थापक झाला होता. दुकानात कॉम्प्युटर आला. मी त्यात साचे करून ठेवले: शिक्षकांचा, डॉक्टरांचा, नगरसेवकांचा. गिऱ्हाईक आलं की साचा उघडायचा आणि नाव, गाव, हुद्दा बदलायचा. याचा फटकाही बसला. एका तुरुंगाधिकाऱ्यांचं निवृत्तीचं मानपत्र घाईत शिक्षकांच्या साच्यातून काढलं. त्यात एक वाक्य तसंच राहिलं: "आपला सहवास सोडून जाताना प्रत्येकाचं पाऊल अडखळलं." सभेत हे वाचलं गेलं आणि हशा पिकला. दोन दिवसांनी साहेब स्वतः दुकानात आले. मी उभीच राहिले. ते म्हणाले, "बाई, वाक्य बरोबर आहे. एकदोघे परतसुद्धा आले."

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका ऊस-संशोधकांची अट होती की मजकुरात गोडवा नको. "जन्म उसात गेला," ते म्हणाले. "प्रत्येक सभेत कुणीतरी उठून म्हणतं, यांचा स्वभाव गोड. माझा स्वभाव गोड नाही. हवं तर घरी विचारा." माहितीसाठी त्यांच्या घरी जायचंच होतं, तेव्हा विचारलं. खरंच नव्हता.

खराडीला आयटी पार्क उभे राहिल्यावर तिकडचंही काम येऊ लागलं. एकदा एका कंपनीतली मुलगी आली. "मॅम, आमच्या टीम लीडचं फेअरवेल आहे. लाँग सर्व्हिस म्हणून काहीतरी मराठीत, ट्रॅडिशनल."

"किती वर्षं झाली त्यांना?"

"चार."

विसूभाऊ बोरू धूत होते. मान वर न करता म्हणाले, "चार वर्षांत आमच्याकडे शाई वाळते."

तिला ते कळलं नाही. "आणि मॅम, पॉइंट्समध्ये दिलंत तर स्लाइडवर टाकता येईल." दिलं. अकराव्या ओळीला त्यात जागाच नव्हती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

कारण तोवर मला अकराव्या ओळीची धास्ती बसली होती. आता बापूसाहेबांकडे येते.

बापूसाहेब मूळचे विदर्भातले. सरकारी नोकरीत होते. त्यांच्या बौद्ध समाजातली कितीतरी कुटुंबं कारखान्यातल्या कामासाठी, शिक्षणासाठी पुण्याला येत होती. मुलींना राहायला जागा मिळायची नाही, म्हणून त्यांनी येरवड्यात भाड्याच्या घरात मुलींचं एक छोटं वसतिगृह काढलं. त्यातून शाळा झाली, मग कॉलेज, मग इंजिनिअरिंग, आणि शेवटी संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळून बापूसाहेब कुलपती झाले. कुलपती म्हणजे विद्यापीठाचा सर्वांत वरचा माणूस. पण बापूसाहेबांकडे लोक पदवीपेक्षा लग्नातले तंटे आणि नोकरीचे अर्ज घेऊनच जास्त जायचे. समाजातलं कुठलंही मोठं काम त्यांना विचारल्याशिवाय होत नसे. ते कुलपती झाले तेव्हा नागरी सत्कार ठरला आणि मानपत्राचं काम आमच्याकडे आलं.

संस्थेचे चिटणीस साळवे सर यादी घेऊन आले. यादी इमारतींची होती. मी मसुदा केला. विसूभाऊंनी वाचला आणि परत दिला. "यात माणूस कुठाय? ही घरपट्टीची पावती आहे."

साळवे सर म्हणाले, "प्रसंग हवा असेल तर येरवड्याला सुमनताईंकडे जा. पहिल्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करायच्या. जुनं सगळं त्यांना ठाऊक आहे."

गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी तुळशीऐवजी मोगरा, भिंतीवर बुद्धाची तसबीर. सुमनताई तेव्हा साठीच्या आसपास असाव्यात. मेथी निवडत बोलत होत्या. आतून कुणीतरी पोहे आणून ठेवले, ते मी वहीत लिहिता लिहिता खाल्ले.

"पहिल्याच वर्षी घरमालकाला कळलं, आपण कोण," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी आला, कुलूप लावलं. पोरी ट्रंका घेऊन रस्त्यावर. बापूसाहेब तर सोलापूरला, नोकरीवर. मी म्हटलं, चला माझ्याकडे. आठ महिने राहिल्या न पोरी. हे, याच दोन खोल्यांत."

"आणि तुमचं घर? तुमची माणसं?"

"नवरा रात्रपाळी मागून घ्यायचा, म्हणजे जागा व्हायची. रंजीला, माझ्या पोरीला, गावी धाडलं आजीकडे. सातवीत होती. मग नाही आली परत शाळेत." मेथीची एक काडी मोडून त्यांनी बाजूला टाकली. "सवय सुटली तिची."

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

दुकानात येऊन मी लिहिलं, "आपल्या वसतिगृहातील स्वयंपाकीण सुमनताई यांनी..." विसूभाऊंनी पेन्सिलीनं नावाखाली रेघ मारली. मानपत्रात नाव एकच. दोन दिवसांवर कार्यक्रम होता, कागद समोर ताणून ठेवला होता. ओळ सोडून द्यायची म्हटलं तर मानपत्र पुन्हा घरपट्टीच्या पावतीवर येत होतं. मग मी लिहिलं: "वसतिगृहाला कुलूप लागले तेव्हा आपण आपल्या घराचे दार उघडले, आणि पंधरा मुली त्या एका छपराखाली शिकल्या." पंधरा हा आकडाही माझाच. कानाला बरा वाटला.

साळवे सर मसुदा बघायला आले. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे साच्यातलं "परमेश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो" तसंच राहिलं होतं.

"हे परमेश्वराचं काढा," ते म्हणाले. "बापूसाहेबांची आणि त्यांची ओळख नाही."

मी खजील झाले, लगेच काढलं, आणि एवढी मोठी चूक वेळेवर सापडली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. अकराव्या ओळीवर साळवे सरांची नजर थोडी थांबली. त्यांना खरं काय ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे. "छान झालंय," ते म्हणाले. साळवे सर आता नाहीत, विसूभाऊही नाहीत. त्यांच्यावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण वही माझ्या हातात होती, आणि पोहे मी खाल्ले होते.

कार्यक्रमाला मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसले. लिहिणाऱ्याला मंचावर कुणी बोलावत नाही, ते बरंच आहे. अकरावी ओळ वाचली गेली आणि टाळ्या सुरू झाल्या. माझ्या आजवरच्या कुठल्याच ओळीला अशा टाळ्या पडल्या नव्हत्या. तिसऱ्या रांगेत मला सुमनताईंचा अंबाडा दिसला. त्याही टाळ्या वाजवत होत्या. मग शेजारी बसलेल्या एका बाईनं त्यांचे दोन्ही हात धरून खाली मांडीवर ठेवले. मागून मला एवढंच दिसलं. पण पुरेसं होतं.

त्यानंतर त्या ओळीनं जे केलं ते माझ्या हातातलं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रात आली. मग संस्थेच्या माहितीपत्रकात. वसतिगृहाची नवी इमारत झाली तेव्हा दारावर संगमरवरी पाटीत कोरली गेली. वेबसाइटची पद्धत आली तेव्हा तिथे पहिल्या पानावर. वक्तृत्व स्पर्धेत मुलं ती हातवारे करून म्हणू लागली, आणि एका वर्षी परीक्षक म्हणून मलाच ती पाच वेळा ऐकावी लागली. पाचही मुलांना मी कमी गुण दिले. दुकानात लोक "ती दाराची ओळ लिहिणाऱ्या बाई" म्हणून माझं नाव विचारत येऊ लागले. माझं नाव झालं ते त्या ओळीवर. सुमनताईंकडे मी परत कधी गेले नाही. येरवड्यावरून जायची वेळ आली तर रिक्षावाल्याला दुसऱ्या पुलावरून घ्यायला सांगायची.

वीस वर्षांहून जास्त काळ कुलपतीपद सांभाळून बापूसाहेब निवृत्त व्हायचे ठरले, तेव्हा पुन्हा सत्कार ठरला, आणि पुन्हा काम माझ्याकडे. आता दुकान मी चालवते. विद्यापीठातून फोन आला. "मॅम, मागच्या वेळची ती फेमस लाइन आहे ना, ती रिपीट करायची आहे. बाकी तुम्ही अपडेट करा."

मी हो म्हटलं. मग तीन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून होते. दहा ओळी होत, अकराव्या ओळीपाशी हात थांबत. तीच ओळ परत लिहायची म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा करायचं, आणि आता सबब म्हणून पंचविशीही उरली नव्हती. सुमनताई ऐंशी ओलांडलेल्या. हा सत्कार झाला की पुढचा कधी? चौथ्या दिवशी मी बापूसाहेबांची वेळ मागितली. काम जाईल, नावही जाईल, असं धरूनच गेले.

बापूसाहेब खिडकीशी बसले होते. खूप वाळले होते, आवाज मात्र तसाच. खोलीभर मानपत्रं, मानचिन्हं. आमचं मानपत्र भिंतीवर कुठे दिसेना.

"बापूसाहेब, मागच्या मानपत्रात माझ्याकडून..." मी सुरुवात केली.

"दाराची ओळ ना?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"बसा. माझ्या घराला दार होतं, बाई. पण ते सोलापूरला होतं." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "तुमचं मानपत्र त्यात आहे. भिंतीवर लावायचा धीर झाला नाही. मी शनिवारी पुण्याला आलो तेव्हा मुलींना सुमनकडे येऊन चार दिवस झाले होते. मला उंबऱ्यातच थांबवून म्हणाली, साहेब, हळू बोला, पोरींचा अभ्यास चाललाय."

"मग आपण त्या दिवशी..."

"का बोललो नाही? मंचावर मंत्री होते. म्हटलं, उत्तराच्या भाषणात सांगू. उठलो, तर टाळ्या थांबेनात. टाळ्या ऐकताना माणसाला वाटतं, असेल बुवा, आपणच केलं असेल. दुसऱ्या दिवशी सुमनकडे गेलो. ती म्हणाली, राहू द्या साहेब, संस्थेचं नाव झालं. मी ते धरून बसलो. सोयीचं होतं." ते पुढे म्हणाले, "पाटी बसवली तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण तोवर दुसरं कुणी बोलेल अशी वाट बघायची सवय झाली होती. तुम्ही बराच उशीर केलात."

हे ते हसत म्हणाले की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

"या वेळी नीट लिहा," ते म्हणाले.

"पण मानपत्र आपलं. त्यात दुसरं नाव घालत नाहीत."

"त्या नियमानंच हा घोटाळा झालाय. घाला. आणि मला दाखवू नका. तिला दाखवा."

येरवड्याचं घर तेच होतं, वर एक मजला चढला होता. सुमनताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. दार उघडलं ते त्यांच्या मुलीनं, रंजनानं. पन्नाशी उलटलेली, अंगावर खराडीच्या एका आयटी पार्कचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. तिथे ती हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. मी कोण ते सांगितलं. ती दारातून हलली नाही.

"तुम्हीच का त्या," ती म्हणाली. "पोहे मी केले होते. तुम्ही खाल्ले, वहीत लिहिलं, आणि बाहेर जाऊन भलतंच वाचायला दिलं."

"हो."

"त्या दिवशी आई टाळ्या वाजवत होती. माझ्या शाळेवर. मी तिचे हात धरले."

"मी मागून बघितलं."

"बघितलं आणि घरी गेलात."

"हो," मी म्हणाले. माफी मागायचं मी घरून ठरवून आले होते, ते सगळं एका 'हो'मध्येच संपलं.

ती बाजूला झाली. "या आत. माझी पोरगी त्याच विद्यापीठात इंजिनिअर झाली. भांडायलासुद्धा धड जागा ठेवली नाही त्या लोकांनी."

मी सुमनताईंना नवी ओळ वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"पंधरा नव्हत्या," त्या म्हणाल्या. "नऊ. पंधरा कुठं मावतात इथं? आणि माझं नाव काहून लांबवलं एवढं? रंजीचं घाला. मी तर माझ्याच घरात होती. जागा तिची गेली."

"आई, मला नको," रंजना म्हणाली.

"तुला कोण विचारून राहिलं?"

मी तिथेच बसून ओळ बदलली. एका मानपत्रात दोन नव्हे, आता तीन नावं झाली. विसूभाऊ असते तर बोरू खाली ठेवून चहाला गेले असते.

विद्यापीठात कार्यक्रमाचं बघणाऱ्या तरुणानं मसुदा वाचून फोन केला. "मॅम, प्रॉब्लेम आहे. चीफ गेस्ट व्हीआयपी आहेत. मध्येच ही नावं आली तर फ्लो जातो. आणि ओरिजिनल लाइन तर पाटीवर आहे."

"बापूसाहेबांना विचारा," मी म्हणाले.

तासाभरात मसुद्याचा फोटो मोबाइलवर आला. समासात बापूसाहेबांचं थरथरतं अक्षर: ओळ आहे तशीच राहील. पाटी मी बघतो.

सत्काराच्या दिवशी मी शेवटच्या रांगेत. सूत्रसंचालक आवाज लावून वाचत होते. दहा ओळी झाल्या, खुर्च्या करकरू लागल्या. मग अकरावी: "वसतिगृहाला कुलूप लागले त्या संध्याकाळी आपण पुण्यात नव्हता. वसतिगृहातील स्वयंपाकीण श्रीमती सुमनताई यांनी नऊ मुलींना आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतले, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून त्यांच्या कन्येने, रंजनाने, सातवीची शाळा सोडली."

टाळ्या पडल्या नाहीत. विसूभाऊंनी सांगितलं होतं तसंच झालं. सगळी सभा मागे वळून शोधू लागली. सुमनताई चाकाच्या खुर्चीत, मधल्या वाटेत. शेजारी रंजना, मान ताठ, समोर बघत. आणि मंचावर आपला माणूस उघडा पडला नाही. तो उठून उभा राहिला. सूत्रसंचालक गोंधळून थांबले, तर बापूसाहेबांनी हातानं खूण केली, वाचा. उरलेलं मानपत्र त्यांनी त्या दोघींकडे बघत उभ्यानं ऐकलं. कुठे बघायचं हे ठाऊक असलेले सत्कारमूर्ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी रंजना दुकानात आली, कामावरून परस्पर.

"त्याची एक कॉपी मिळेल? आईला घरात लावायची आहे."

"फक्त ती ओळ मोठ्या अक्षरात करून देऊ का?"

"नको. सगळंच द्या. बापूसाहेबांचंही नाव आहे ना त्यात."

मी प्रिंट काढून तिच्या पुढ्यात ठेवली. ती काउंटरशी उभी राहिली आणि वाचू लागली. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, न गाळता. अठराव्या ओळीपर्यंत गेली आणि परत अकराव्या ओळीवर आली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर उभं राहून माझं मानपत्र पूर्ण वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

"एक चूक आहे," ती म्हणाली.

"कुठे?" मी कागदावर वाकले.

"सातवी नाही. मी सहावीत होते. सहावीची परीक्षासुद्धा दिली नव्हती."

"पण ताई तर सातवीच म्हणाल्या होत्या. माझ्या वहीत आहे." मी कॉम्प्युटरकडे वळले. "एका मिनिटात करून देते."

"राहू द्या," रंजना म्हणाली. तिनं कागदाची सुरळी केली, पर्समध्ये मावेना म्हणून हातातच धरली. "आई सगळ्यांना सातवीच सांगते. तेवढं एक वर्ष तिनं मला शिकवलंय."

फाइल माझ्याकडे आहे. ती चूक मी दुरुस्त केलेली नाही.